गाळणीवरचं मीठ

शाळेच्या गच्चीवरच्या यंत्रात मी रोज एक पांढरा कागद ठेवते,
तळहाताएवढा. आधी वजन करून.
चोवीस तास तो सोलापूर आत ओढतो
आणि दुसऱ्या दिवशी राखाडी होऊन परत येतो.
वजनातला फरक वहीत लिहायचा,
एवढंच माझं काम.

फरकात काय काय असतं:
होटगी रस्त्याची धूळ,
पूर्व भागातल्या मागांवरून उडालेली कापसाची भुकटी,
पहाटे कुणी शेकायला पेटवलेला टायर.
मळीचा वास वजनात धरत नाहीत.

मे महिन्यात दुपारची हवा भाकरीसारखी फुगते.
सगळा धूर तिच्या पोटात वर वर जातो,
दोन-अडीच किलोमीटर,
आणि आम्हाला वाटतं, गेला.
रात्री तीच भाकरी वाळून पातळ होते, कडक,
आपल्या इथली,
आणि धूर तिच्याखाली आमच्यासोबत झोपतो.

अलिबागहून निशिगंधा थळेचा फोन येतो, तिच्याही गच्चीवर असंच यंत्र आहे.
"अकराला वारं फिरलं गं. निघालं तुझ्याकडे."
मी विचारते, जेवायला थांबेल का?
हा आमचा जुना विनोद.

ते वारं रिकाम्या हातानं येत नाही.
खाडीपलीकडच्या चिमण्यांचं उचलतं,
घाट चढताना धापा टाकतं,
उजनीच्या पाण्यावर थोडं रेंगाळत असेल,
घर समजून.
मोहोळच्या अलीकडे त्याचं वारंपण बहुतेक संपलेलं असतं.

तरी एखाद्या रात्री, दीडच्या सुमारास,
पारा दीड अंशानं उतरतो.
दोरीवरचा टॉवेल जरा मऊ होतो.
खाटेवर नाना कूस बदलतात, म्हणतात,
"वारं यलालंय बघ. आता हवा साफ."

माझी वही तसं म्हणत नाही.
त्याच तासाला आकडा चढतो.
झाडणाऱ्या बाईच्या पुढे धूळ असते, तसं काहीतरी.
शिवाय ते इतकं बुटकं येतं
की धुराला उचलत नाही,
त्याच्या अंगावर गार गोधडी टाकतं.
हे मी नानांना सांगितलेलं नाही.
तीस वर्षं माग चालवलेल्या छातीला
एवढा तरी गारवा खरा वाटू दे.

मागच्या मंगळवारच्या कागदात सोडियम निघालं.
रोजच्यापेक्षा जास्त.
मी कागद उजेडाला धरला. काही दिसलं नाही, दिसणारही नव्हतं.
बिराजदार सर म्हणाले, मुरमातूनही येतं,
बोअरच्या पाण्यातून येतं. एका कागदानं समुद्र सिद्ध होत नाही.
प्रश्नचिन्ह घाल.
मी घातलं. सरांचं बरोबर आहे.

पण संध्याकाळी नानांना सांगून टाकलं:
समुद्र आला असेल, नाना, आपल्या गच्चीवर.
त्यांनी समुद्र पाहिलेला नाही.
चादरीवर मात्र लाटांची नक्षी
इतक्या वेळा काढली, की डोळे मिटून काढतील.
"किती आला?"
मिठाच्या चिमटीचा दहा हजारावा भाग असेल.
त्यांनी बोटांची चिमटी करून पाहिली, बराच वेळ.
"मग शेंगा चटणीला पुरायचा नाही," म्हणाले,
आणि हसता हसता खोकले,
आणि खोकला थांबेपर्यंत
मी उगीच पश्चिमेकडे बघत राहिले,
जिथं फक्त पाण्याची टाकी होती.

हल्ली अकरा वाजले की तेच विचारतात,
"निघालं का ते?"
फोन आलेला नसला तरी मी हो म्हणते.

मग खाली उतरून नवा कागद तराजूवर ठेवते,
काचेचं दार लावते,
आणि आकडा स्थिर होईपर्यंत
श्वास रोखून धरते.
माझ्या फुंकरीचं वजन
शहराच्या नावावर जायला नको.